उतर, चढ आला

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या रस्त्यावर, उरवाई गेटच्या थोडं अलीकडे, जिथे सपाट रस्ता संपतो आणि पायडल जड व्हायला लागतं, तिथे एक स्कूटरवाला माझ्या बाजूला येऊन हळू झाला. साठीच्या आसपासचा माणूस, कानाला मफलर, पायाशी भाजीची पिशवी. त्यानं आधी माझ्या सायकलीच्या छोट्या चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "बहनजी, उतर जाइए, आगे चढ़ाई है." एवढं बोलून तो पुढे निघून गेला. मी काही उतरले नाही, तशीच हळूहळू वर गेले, वर ऊन खाल्लं, घरी आले, आंघोळ करून कुकर लावला, आणि मेथी निवडताना लक्षात आलं की ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलंच नाहीये. टोमणा असता तर मी तिथेच विसरले असते, रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या पन्नाशीपुढच्या बाईला टोमण्यांची सवय होते. हे काळजीनं म्हटलेलं होतं आणि म्हणूनच ते जात नव्हतं. आणि मुख्य म्हणजे हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, मराठीत, बाबांच्या आवाजात.

"उतर गं, चढ आला."

बाबांची काळी सायकल, उंच फ्रेमची, चेनला पूर्ण कव्हर असलेली. पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून दादा, मागे कॅरिअरवर मी. शहराच्या लष्कर भागातून मेळ्याला निघालो की पडावच्या पुलाशी आलं की बाबा मान किंचित मागे वळवून म्हणायचे, आणि मी चालत्या सायकलवरून टुणकन उडी मारायचे, ती उडी मला फार छान जमायची. मग बाबा उभे राहून पायडल मारत पूल चढायचे, दादा दांडीवर तसाच, आणि मी मागून कॅरिअरला हात लावून पळत. दादा पुढे दांडीवर होता, त्याला उतरवणं सोपं नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण नंतर दादा मोठा झाला, त्याची स्वतःची सायकल आली, मी त्याच्या मागे बसायला लागले, आणि चढ आला की तेव्हाही मीच उतरायचे. लग्नानंतर काही वर्षं ह्यांच्या सायकलच्या मागे बसून बाड्यावरच्या बाजारात भाजीला जायचे, तिथेही तेच. डबलसीट बसणाऱ्यानं चढाला उतरायचं हा साधा नियम आहे, त्यात कोणाचा अन्याय वगैरे नाही, ओढणाऱ्याच्या छातीवर किती येतं ते मला आता चांगलं कळतं. तरी मेथी निवडता निवडता मला असं वाटत होतं की मी जन्मभर सपाट रस्त्यावरच सायकलवर होते. चढ मला पायानंच माहीत होते.

दादा आणि त्याचे मित्र सुट्टीत किल्ल्यावर सायकली घेऊन जायचे. परत आले की शर्ट पाठीला चिकटलेले, गुडघ्याला ग्रीस, आणि तोंडात एकच, कोण कुठपर्यंत न उतरता गेला. एक जण जैन मूर्तींच्या पहिल्या वळणापर्यंत, एक जण त्याच्याही पुढे. उरवाईचा अख्खा रस्ता मला त्यांच्या बोलण्यातून पाठ होता, कुठे खडी उखडलीये, कुठे वळणावर बाहेरच्या बाजूनं घ्यावं लागतं, कुठे सावली मिळते. मी स्वतः किल्ल्यावर जायचे ते आजीबरोबर, गुजरी महालाच्या बाजूनं, फरसबंदीवरून पायी, दर दरवाज्याला टेकत टेकत. तेही सुंदर होतं, आजीच्या बटव्यातली सुपारी आणि हत्तीपोळीखालचा थंडगार वारा अजून आठवतो. पण उरवाई म्हणजे मुलांचा रस्ता असं माझ्या मनात पक्कं बसलं ते बसलंच.

आता ही फोल्डिंग सायकल का घेतली ते सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. आमच्या जुन्या वाड्याचा जिना. दगडी पायऱ्या, मध्ये उंची कमी, दोन वळणं, तिथून मोठी सायकल वर नेणं अशक्य, आणि खाली चौकात ठेवावी तर ती कोणाच्या ना कोणाच्या वाटेत येते, सामायिक चौक म्हणजे काय ते वाड्यात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. वीस इंची चाकांची, मधोमध बिजागरी असलेली ही सायकल घडी करून एका हातात घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर नेते, 13 किलो वजन आहे, गव्हाच्या डब्यापेक्षा कमीच. पलंगाखाली मावते. लंडनमध्ये सत्तरच्या दशकात अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरनं स्वतःच्या फ्लॅटमध्ये बसून ब्रॉम्प्टन बनवली, तिची चाकं तर सोळाच इंची आहेत, आणि तिची घडी इतकी आटोपशीर की लोक ती लोकल गाडीत पायाशी ठेवतात. म्हणजे अशा छोट्या चाकांच्या सायकली मुख्यतः शहरातल्या अडचणींसाठी आहेत, जिने, ट्रेन, छोटी घरं. घाटासाठी, किल्ल्यासाठी कोणी त्या बनवल्या नाहीत. माझीही नव्हतीच.

पण लहान चाक म्हणजे चढाला जड, हा समज खरा नाहीये, आणि हे मला आमच्या बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीनं जमिनीवर खडूनं रेघा मारून दाखवलं. बाबांच्या सायकलला चेनच्या पुढच्या चक्राला 44 दात आणि मागच्याला 18, चाक 28 इंची, म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाणार. हे माप बदलायची सोयच नाही. सपाटीला मजा, चढाला उभं राहून अख्खं अंग पायडलवर टाकायचं. फोल्डिंगला चाक छोटं असतं, म्हणून कंपन्या पुढचं चेनव्हील मोठं देतात, माझ्यावर 52 दातांचं होतं, नाहीतर सपाटीवर नुसते पाय गरगर फिरत राहतील आणि सायकल जागची हलणार नाही. म्हणजे चाकानं जे कमी केलं ते दातांनी भरून काढलेलं असतं. मागे सात गेअर, सगळ्यात मोठं चक्र 28 दातांचं. तरी एका फेरीला पावणेतीन-तीन मीटर जायचीच. मिस्त्री म्हणाला, "आपको क़िला चढ़ना है तो आगे छोटा लगाओ." मग पुढे 40 दातांचं बसवलं, चेनच्या कड्या काढून ती आखूड केली, आणि आता सगळ्यात हलक्या गेअरमध्ये एका फेरीला दोन मीटरच्या किंचित वर जाते. बाबांच्या साडेपाचसमोर दोन. हा फरक मला पहिल्यांदा कळला तो मांड्यांना, आकडे नंतर नीट समजले.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हां, गेअर लावून काय, कोणीही चढेल."

या वाक्यावर मी खूप दिवस विचार करते आहे. स्कूटरवाल्याच्या वाक्याइतकाच. कारण दादा म्हणतो ते नवीन नाहीये, सायकलच्या दुनियेत हे भांडण शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. टूर द फ्रान्स ज्यानं सुरू केली त्या आंरी देग्रांजला गेअर अजिबात मान्य नव्हते, त्याच्या मते ते पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक, बाकीच्यांनी स्वतःच्या ताकदीवर जिंकावं. आल्प्स आणि पिरनीजच्या घाटांत त्याचे रायडर चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं लावायचे, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला जास्त दातांचं चक्र असायचं, आणि वर पोचल्यावर परत उतरून परत उलटं. चालता चालता बदलणारे गेअर तिथे 1937 साली चालायला लागले. मला देग्रांजचा राग येत नाही, उलट पंचेचाळिशीच्या पुढच्यांना त्यानं परवानगी दिली होती हे वाचून बरंच वाटलं, मी त्या यादीत बसते. पण गेअर म्हणजे काम कमी होतं असं जे दादाला वाटतं ते तसं नाहीये हो. मी, सायकल, पाण्याची बाटली मिळून 75 किलो. किल्ला खालच्या शहरापासून साधारण 100 मीटर उंच. एवढं वजन एवढ्या उंचीवर नेलं की जे काम होतं ते होतंच, गेअर कुठलाही असो. शरीर खाल्लेल्यातला पाव भागही पायापर्यंत पोचवत नाही, बाकीचा घाम आणि उष्णता, तरी सगळा हिशोब केला तर 70-80 कॅलरी, म्हणजे एक पातळ पोळी. बाबांनाही तेवढीच पोळी लागली असती, त्यांचं वजन थोडं जास्त म्हणून थोडी जाड. फरक फक्त घासाचा आहे. त्यांना मोठे घास घ्यावे लागायचे, मी लहान घेते.

आणि "कोणीही चढेल" हे दादा नाक मुरडून म्हणतो, पण मला त्यातच सगळा आनंद वाटतो. कोणीही चढू शकेल. मी चढू शकते. कुठल्याही गुडघ्याला, कुठल्याही वयाला तो रस्ता मिळावा, ह्यात कमी काय झालं?

बरं, चढ. थंडीत सहा-साडेसहाला निघते, धुकं इतकं असतं की छावणीपर्यंत समोरच्या टेम्पोचा फक्त आवाज येतो. बेडईच्या, म्हणजे डाळ भरलेल्या पुरीच्या, दुकानात कढई नुकतीच चढलेली असते, तेलाचा पहिला वास, आणि एखाद्या बोळातून गजक कुटण्याचे ठोके, दोघं समोरासमोर लाकडी घण घेऊन तीळ-गूळ कुटत असतात, एकाचा पडला की दुसऱ्याचा. हे आवाज मागे पडले की उरवाईची खिंड लागते आणि एकदम थंडी वाढते, दोन्हीकडे कातळ, मधून रस्ता. इथे मी गेट यायच्या आधीच सगळ्यात हलका गेअर टाकून ठेवते. चढावर जोर लागलेला असताना गेअर टाकला तर चेन करकरते आणि कधीकधी उतरते, म्हणून आधीच, सपाटीवर. फोल्डिंगवर आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे उभं राहायचं नाही. मोठ्या सायकलवर चढ आला की आपण आपोआप सीटवरून उठतो आणि हँडल स्वतःकडे ओढतो. हिच्या हँडलचा दांडा लांबलचक आणि खाली बिजागरीवर उभा, ओढलं की तो लवतो, जोर सायकलमध्ये न जाता तिथेच वाया जातो, आणि बसलेल्याचं वजन मागच्या चाकाकडे असल्यानं फार तीव्र जागी पुढचं चाक हलकं होऊन उचललं जातं. म्हणून बसून राहायचं, छाती थोडी पुढे, कोपरं सैल, बोटांनी हँडल नुसतं धरून ठेवायचं, आणि पाय फिरवत राहायचे.

पाय किती वेगानं फिरवायचे हे मला कुठल्या मीटरनं कळलं नाही. माझी आत्या गायची, घरी रियाझ चालायचा, आणि आमच्या ग्वाल्हेरच्या गाण्यातला विलंबितसुद्धा फार रेंगाळत नाही, सम कुठे येणार ते ऐकणाऱ्याला कळत राहतं इतपत तो चालता असतो. चढावर पाय तसे पडले पाहिजेत. त्याहून सावकाश केलं की सायकल डुगडुगायला लागते आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर येतं, त्याहून घाई केली की पहिल्या वळणातच श्वास संपतो. ती लय सापडली की मग बोलता येत नाही पण विचार करता येतो. वेग पाच-सहा किलोमीटर असेल, भरभर चालणारा माणूस जवळजवळ बरोबरीनं येतो. मॉर्निंग वॉकचे काका लोक खरंच बरोबरीनं येतात आणि मधूनच "शाबाश" म्हणतात.

त्या वेगामुळे मूर्ती दिसतात. कारमधून उरवाईच्या मूर्ती म्हणजे खिडकीतून दिसणारी दोन-तीन वळणं, मुलं "किती मोठी" म्हणेपर्यंत संपतात. पंधराव्या शतकात तोमरांच्या राज्यात कड्यातच कोरून काढलेले हे तीर्थंकर, आदिनाथांची उभी मूर्ती तर 57 फुटांची सांगतात, तिच्या पायाच्या अंगठ्याशी आपण किती लहान ते चढावर हळू जाताना समजतं. बाबरानं त्या फोडायला लावल्या, तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि नंतर काहींचे चेहरे पुन्हा चुन्यानं घडवले गेले. ते नवे चेहरे आणि जुनी शरीरं यांच्यात एक सांधा दिसतो. सकाळच्या त्या उजेडात, नाकातोंडातून वाफा सोडत, मी त्या सांध्याकडे बघत जाते. मला नीट सांगता येणार नाही काय वाटतं. वाईट वाटतं, आणि ज्यांनी परत चेहरे बसवले त्यांच्याबद्दल खूप जवळचं काहीतरी वाटतं, इतक्या उंचावर परांची बांधून कोणीतरी चुना लावला असेल. मोर ओरडतात. वरच्या कपारीतून पोपटांचा थवा सुटतो. मग वळण येतं आणि लक्ष परत रस्त्यावर.

कधीकधी बरोबर माझा भाचा असतो, आणि त्याच्याजवळ जी आहे तिच्यापुढे माझी फोल्डिंग अगदी साधी दिसते. हजिऱ्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात उभं राहून त्यानं दोन भंगारातल्या सायकलींची एक बनवली, तीवर आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेलून बसायचं आणि पाय समोर. चेन इतकी लांब की साध्या अडीच चेन जोडाव्या लागल्या. त्याच्याकडूनच मला कळलं की 1933 साली फ्रान्सिस फोर नावाच्या रायडरनं पॅरिसमध्ये अशाच सायकलवर एका तासात 45 किलोमीटरहून जास्त अंतर कापून तासाचा विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलं की ही सायकल शर्यतीच्या व्याख्येतच बसत नाही. झोपलेला माणूस हवेला कमी आडवा येतो म्हणून ती सपाटीवर पळते. चढाची गोष्ट मात्र उलटी. चढावर वेगच नसतो त्यामुळे हवेचा फायदा शून्य, उठून पायडलवर वजन टाकायची सोय नाही, फक्त पाठ सीटला रेटून मांड्यांनी ढकलायचं, आणि चार-पाचच्या वेगात अशा सायकलचा तोल सांभाळणं म्हणजे पूर्ण वेळ लक्ष. भाचा उरवाईच्या पहिल्या तीव्र टप्प्यावर डावीकडून उजवीकडे नागमोडी जातो, दात आवळून, डोळे आकाशाकडे, कारण त्याला दिसतं तेच आकाश. मी मागून गाड्यांना हात करत राहते. लोक व्हिडिओ काढतात. त्याला त्याचं काही नसतं. तो वर पोचला की काही वेळ तसाच सीटवर पडून राहतो आणि मग म्हणतो, "मामी, वेल्डिंग टिकलं." मला त्याच्या या बोलण्याचं फार कौतुक वाटतं.

एकदा तिथेच, मधल्या टप्प्यावर, दूधवाला भेटला. काळी जुनी सायकल, दोन्ही बाजूंना दोन मोठे कॅन, हँडलला आणखी एक छोटा. तो ढकलत चालला होता, गुरुद्वाऱ्यात दूध द्यायचं होतं. आमचा वेग सारखाच, त्यामुळे बराच वेळ आम्ही शेजारी शेजारी. त्यानं विचारलं, "कितने गेअर हैं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा है, घुटने बचेंगे." आणि मग माझ्या मनात जे घोळत होतं ते मी त्याला विचारलं, की तुम्ही इथे कायम उतरताच का. त्याला प्रश्नच नीट कळला नाही. "चढ़ाई पे तो उतरते ही हैं," म्हणाला, "दूध छलक जाएगा." त्याच्या आवाजात ना अभिमान ना कमीपणा. त्याचं काम दूध वर पोचवणं होतं, आणि तो दर सकाळी ते पोचवत होता, मी आणि भाचा चढतो त्याच्या दुप्पट वजन घेऊन. ढकलताना तो सायकलला किंचित आपल्याकडे झुकवून, कमरेचा आधार देऊन चालत होता, आणि प्रत्येक वळणावर बाहेरच्या, म्हणजे कमी चढाच्या बाजूनं जात होता, मघाशी म्हटलं ना, दादाचे मित्र सांगायचे तसंच. रस्ता त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होता.

त्या दिवशी मी वर पोचले तेव्हा माझ्यातलं काहीतरी सैल झालं होतं. उतरणं आणि उतरायला सांगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्याच्याबरोबर चालल्यासारखं जाताना दिसलं, दुधाच्या कॅनच्या आवाजात. तरी पूर्ण समाधान झालं असं नाही म्हणणार. कारण दूधवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगतात. आणि ते सांगणाऱ्याला मी वाईट म्हणू शकत नाही, आणि चांगलंही वाटून घेऊ शकत नाही. बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं हे मी पुष्कळदा मनात आणून बघते. मला वाटतं ते आधी ओरडले असते, मग पायडलला हात लावून फिरवून बघितलं असतं, बेअरिंग किती मऊ चालतंय ते.

गुरुद्वाऱ्यात लंगरचा चहा मिळतो. स्टीलच्या ग्लासात, हात भाजतील इतका गरम, आलं नाही वेलची नाही, नुसता दाट दुधाचा, आणि तो प्यायला पंगतीत जमिनीवर बसायचं. सायकल घडी करून बाहेर चपलांच्या खोलीजवळ ठेवते, तिथले सेवेकरी आता ओळखतात. घामानं ओला स्वेटर, त्यावरून येणारा गार वारा, आणि तो चहा. तेली मंदिराच्या बाजूला ऊन आलं की तिकडे जाऊन बसते, दगड तापलेला नसतो पण पाठ टेकली की बरं वाटतं. खाली शहर असतं, धुक्यातून आधी मशिदींचे मिनार आणि पाण्याच्या टाक्या वर येतात, मग हळूहळू गच्च्या. आमचा वाडा इथून दिसत नाही.

उताराबद्दल कोणी बोलत नाही, पण मला चढापेक्षा उताराचीच जास्त काळजी वाटते. छोट्या चाकाला खड्डा मोठा लागतो, जो खड्डा बाबांची सायकल सहज ओलांडून गेली असती त्यात माझं चाक बसतं. शिवाय रिमवर ब्रेक घासतात आणि रिम छोटी, त्यामुळे ती लवकर तापते, सलग दाबून धरला तर वास येतो. म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, मागचा जास्त, पुढचा जपून, आणि खालून गाडी येत असेल तर सरळ थांबायचं. जिथे मध्येच थांबावं लागतं, म्हणजे वर जाताना एखादी शाळेची बस वळणात अडकली वगैरे, तिथे परत निघणंही एक कलाच आहे. सायकल रस्त्याला आडवी करायची, ब्रेक धरून ठेवायचा, उजवा पायडल वर आणून किंचित पुढे ठेवायचा आणि त्यावर वजन देऊन मग वळवायची. हे मला कोणी शिकवलं नाही, भाच्याला बघून बघून आलं, त्याला त्याच्या त्या सायकलवर ते दहापट अवघड जातं.

आता वहिनीचं ऐका. दादाची बायको, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लहानपणी मोरारला राहायची आणि तिथे सायकल शिकलेली, लग्नानंतर हात लावलेला नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा माझी सायकल घडी करून उघडून बघत होती, तीनतीनदा, बिजागरीचा खटका लागला की तिला हसू येत होतं. मग दादा दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत असताना हळूच म्हणाली, "मला जमेल का गं उरवाई?" तिला एका गुडघ्याचा त्रास आहे. मी मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला की 40 त्यांना भारी पडेल, 34 दातांचं बघू, आणि मागे 32 चं चक्र बसत असेल तर उत्तमच, सीट जरा उंच ठेवायची म्हणजे गुडघा जास्त दुमडणार नाही. सामान दिल्लीहून मागवावं लागेल. तोवर ती माझ्या सायकलवर रेसकोर्सच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर सराव करते आहे, साडी नको म्हणून सलवार-कमीज शिवून घेतलीय, आणि परवा पडावच्या पुलावर मी मागून चालत होते आणि ती पुढे, हलक्या गेअरमध्ये, बसूनच. पुलाच्या मध्यावर मी तिला ओरडून सांगितलं की गेअर आता टाकू नकोस, वर गेल्यावर टाक. तिनं ऐकलं.